जानराव टीव्हीवर दिसला

मेडशी, १२ डिसेंबर १९७६

भिवाजी दादास रुख्मिणीचा जयभीम.

दादा, राजीखुशीचं मागून लिहिते, आधी कामाचं. आमच्या यायचं जहाजावरून शेवटचं पत्र आलं त्याले आज दोन महिने अन चार दिवस झाले. निघताना म्हनत होते, दर बंदरातून एक कागद टाकीन. आधी टाकतही होते. आता एकदम काहीच नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की आत्या हातातलं काम टाकून दारात उभी राह्यते. तो पुढं निघून गेला की परत कामाले बसते.

आपली आत्या मले सासू झाली तरी कधी वाकडं बोलली नाही, तुले माहीत हाय. पण परवा म्हनली, "तुया भावानं माह्या पोराले पाण्यात घातलं." मले लय लागलं ते. पण दादा, खोटं काय हाय त्यात? "बोटीवर तेलवाल्याची जागा हाय, इंजिनाले तेल घालायचं, बाकी आराम," असं तूच सांगत आला होता. चाळीतल्या ओळखीनं तूच लावून दिलं. मंग आता तूच त्या कंपनीच्या हापिसात जा अन तोंडावर विचार, जहाज कुठं हाय म्हून. बातमी जशी असन तशी लिहिजो. मी भीत नाही.

मामाजी बरे हायेत. कापसाची वेचणी चालू हाय. तुझी तब्येत कशी हाय?

रुख्मिणी


नायगाव, मुंबई, २० डिसेंबर १९७६

चि. रुख्मिणीस आशीर्वाद, आत्याले अन तुह्या सासऱ्याले, ग्यानबामामाले, जयभीम.

तुझं पत्र भेटलं. हापिसात जाऊन आलो, सगळं बरं हाय. जहाज दूर देशी असलं की टपाल असंच मागंपुढं होते, त्यात फिकर करण्यासारखं काही नाही.

आता एक गंमत सांगतो, कापूस वेचताना बायांले सांगजो. मी ज्या दुकानात लागलो हाय तिथं टीव्ही विकतात हे तुले लिहिलं होतं. लाकडाची पेटी, समोर काच, अन काचेत माणसं हालतात, बोलतात. मी पेट्या लोकायच्या घरी नेऊन देतो अन गच्चीवर चढून ॲन्टेना बांधतो. दर शनिवारी संध्याकाळी एक इंग्रजी खेळ लागते, तो पाह्यले आमच्या दुकानासमोर रस्ता अडते. मदनसिंग मेकॅनिक मले मराठीतून सांगतो. त्याले इंग्रजी अर्धं समजते, मले त्याच्या अर्ध्याचं अर्धं.

खेळ आहे आकाशातल्या जहाजाचा. चांदण्यायमधून फिरते. कप्तान हाय, एक डॉक्टरीणबाई हाय, सगळ्यायचे कपडे चकचकीत, पेढ्याच्या वर्खावाणी. या शनिवारी त्यायले अंधारात एक जुनं जहाज भेटलं. दिवा नाही, आवाज नाही, हाक मारली तं जवाब नाही. आत गेले तं टेबलावर जेवण वाढेल, वाफ निघून राह्यली, अन माणूस एकही नाही! भिंतीवर खलाशायचे कोट तसेच टांगेल. मंग डॉक्टरीणबाई सांगते की हे जहाज शापित हाय. एकदा दुसऱ्या जहाजानं मदतीले हाक मारली अन हे न थांबता निघून गेलं. तवापासून याले कोणतं बंदर घेत नाही. नुसतं भटकत राह्यते. कप्तानाचा एक तरणा खलाशी त्या जहाजात मागं राह्यला अन दार बंद झालं. बस, तिथंच संपलं! लोकं दुकानाच्या काचेले डोकी लावून उभी, कोणी हालेना.

पुढचं पुढच्या शनिवारी. आत्याले सांगजो, जीवाले खाऊ नको.

भिवाजी


मेडशी, २ जानेवारी १९७७

दादास जयभीम.

काय करून ठेवलं तू हे! तुझं पत्र म्या वावरात नाही, घरी ओसरीवर वाचलं. आत्या होती, शेजारची केशरबाई होती, अन दोन-चार जणी. जहाजाचं आलं तशी आत्या सरकून माह्या जवळ आली. दार बंद झालं तिथं म्या थांबले तं ती म्हनते, "त्या पोराचं नाव काय?"

म्या म्हतलं, आत्या, हा खेळ हाय. तमाशात वग लावतात तसा. ती मानत नाही. तिचं म्हननं असं, दौलतरावाच्या वाड्यावर रेडिओ हाय, त्याच्यावर बातम्या सांगतात त्या खऱ्या असतात. मंग जिथं बातमी डोयानं दिसते ते खोटं कसं असन? "भिवाजी काय मले खोटं लिहीन?" हे वरून. म्या म्हतलं ते आकाशातलं जहाज हाय. तं म्हनते, "समुद्राच्या कडेले आभाळच लागते, जानरावनंच सांगितलं होतं." आता काय बोलावं सांग.

हसू नको दादा. त्या दिवसापासून ती अर्धी भाकर खाते. तो पोरगा बंद जहाजात उपाशी अन मी कशी खाऊ, असं तिचं चालू हाय. मले रोज एकच सांगते, "लिहि भिवाजीले, नीट पाह्य म्हना, आपला जानराव हाय का त्यात."

तर तू स्वतः आत्याच्या नावानं दोन ओळी लिहि की ते नाटक हाय, पुठ्ठ्याचं जहाज हाय, त्यात जानराव नाही. माह्यावर तिचा विश्वास नाही, तुह्यावर हाय. अन हापिसात जहाज कोणत्या गावी हाय म्हनले ते तू लिहिलंच नाही. गावाचं नाव लिहिजो.

रुख्मिणी


मुंबई, १० जानेवारी १९७७

ती. आत्यास भिवाजीचा जयभीम. रुख्मिणी, हे आत्याले मोठ्यानं वाचून दाखवजो.

आत्या, तू विचारलं म्हून या शनिवारी मी एकदम काचेजवळ जाऊन उभा राह्यलो. जानराव दिसला. थोडा वाळला हाय, दाढी वाढली हाय, पण आपल्या पायावर उभा हाय. अंगात निळा सदरा होता. एकदा इकडं पाह्यलंही त्यानं. उपाशी नाही, जेवण हाय त्यायच्याजवळ. कप्तान चांगला माणूस हाय, तो दार उघडून राह्यला. थोडा वेळ लागन पण उघडीन. तू पोटभर जेवत जाय. तू जेवली नाही तं मले इथं घास जात नाही.

मी दर शनिवारी पाहीन अन लिहीन.

तुझा भिवाजी


मेडशी, १९ जानेवारी १९७७

दादा,

या पत्रात जयभीम लिहायचीही इच्छा नाही, पण लिहिते. जयभीम.

म्या तुले काय लिहिलं होतं अन तुनं काय केलं! आत्या दोन भाकरी खाऊन राह्यली. गावभर सांगून आली, माहा जानराव टीव्हीवर दिसला म्हून. शनिवार आला की ओसरीवर येऊन बसते अन म्हनते, आता भिवाजी पाहून राह्यला असन. तांड्यावरचा सेवालाल काल आला होता. त्याचा बैल पोहरादेवीच्या गर्दीत हरवला, तो टीव्हीत दिसते का पाह्य म्हना भिवाजीले, बैलाच्या कपायावर पांढरा टिका हाय. म्या त्याले काय सांगू? चहा पाजून लावून देला.

लोक हसतात तं हसू दे. मले हसू येत नाही. यायचा निळा सदरा एकच हाय अन तो इथं पेटीत हाय, म्या आजच हात लावून पाह्यला. मंग तुनं कुठं पाह्यला? खोट्याच्या कपाळी गोटा म्हनतात ते हेच.

दादा, तू लहानपणी विहिरीत बादली पाडली तवाही असाच भराभर बोलत होता. तू भ्याला की गोष्टी सांगतो. दोन पत्रं झाली, गावाचं नाव नाही. तुले हापिसात काहीतरी सांगितलं हाय अन तू ते दाबून ठेवलं हाय. आत्या हसून बोलते तवा मी तिच्याकडं पाठ करून भांडी घासत बसते. म्या तुले पह्यल्याच पत्रात लिहिलं होतं, बातमी असन तशी लिहिजो. खरं लिहि. घरी नको लिहू, शाळेतल्या विजयमालाबाईच्या नावानं लिहि, त्या मले देतील.

रुख्मिणी


मुंबई, २७ जानेवारी १९७७

चि. रुख्मिणीस,

बस खाली, मंग वाच.

जहाजाचा बिनतारी संदेश शेवटचा आला २९ नोव्हेंबरले. मोंबासा सोडून ते इकडं निघालं होतं. त्याच्यानंतर काही नाही. कोणत्या बंदरात पोचलं नाही, कोणत्या जहाजाले दिसलं नाही. मी पह्यल्यांदा हापिसात गेलो तवाच मले हे सांगितलं. तुले लिहायले बसलो अन हातून दुसरंच उतरलं. समोर टीव्हीतलं जहाज होतं, तेच लिहीत गेलो. करायले गेलो एक अन झालं एक.

मी आता एक दिवस आड हापिसात जातो. खिडकीसमोर बाक हाय, तिथं आमी सात-आठ जण बसतो. कोणाचा भाऊ हाय, कोणाचा बाप. एक रत्नागिरीची म्हातारी सकाळी येते अन खिडकी बंद होईपर्यंत बसते. कारकून मान वर करत नाही. एकमेकायले आमी काही विचारत नाही.

आत्यानं विचारलं, पोरगा दिसला का. माह्यानं "नाही" लिहिणं झालं नाही रुख्मिणी. मीच त्याले पाण्यात घातलं, आत्या खरंच बोलली. "नाही दिसला" असं लिहायले घेतलं अन वाटलं की मीच त्याले मारून राह्यलो. म्हून दिसला लिहिलं. सदऱ्याचं चुकलं. मले तो निळ्या सदऱ्यातच आठवते.

शनिवारी मी आता दुकानात थांबत नाही. तो खेळ लागला की रस्त्यावर जाऊन उभा राह्यतो. मदनसिंग विचारते, काय झालं बे? मी म्हनतो, आत लय गर्दी हाय.

तू मले शिव्या देजो, पण उपाशी राहू नको. आत्याले सांगायचं का नाही ते तू ठरव.

भिवाजी


मेडशी, २१ फेब्रुवारी १९७७

दादास जयभीम.

घाईनं लिहिते, अक्षर लागलं नाही तं माफ कर.

तुझं पत्र सोमवारी आलं, चौदा तारखेले. मी अन आत्या वावरात तुरीच्या कामाले होतो. घरी मामाजी एकटे. पोस्टमननं त्यायच्या हातात कागद देला, अन कागदाचा कोपरा फाटेल. तुले आता सांगावं लागते का, कोपरा फाटलेलं पत्र म्हंजे मौतीची खबर? ते पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. मामाजीले वाचता येत नाही, अन ते वाचून घ्यायले कोणाकडं गेलेही नाहीत. आपल्या घरचा एकच माणूस बाहेर हाय, आता कोणाचं नाव वाचायचं, असं त्यायले वाटलं. कुंपणापाशी उभं राहून त्यायनं त्याचे बारीक बारीक तुकडे केले अन तिथंच खाली बसले.

आमी आलो तवा दारात माणसं जमली होती. मले कोणी काही सांगितलं नाही, मले दिसलंच. म्या तं दहा-बारा दिवस तेच मनात घेऊन फिरत होते, तू बाईच्या नावानं धाडलेल्या त्या पत्रापासून. मी ओरडलेही नाही. केशरबाईनं माहा हात धरला अन दगड घेतला, बांगड्या फोडायले. तिचाही काही दोष नाही, तिचा नवरा गेला तवा तिच्याही अशाच फोडल्या होत्या. तेवढ्यात आत्या मधे घुसली. केशरबाईच्या हातातून दगड काढून फेकला. "खबरदार! भिवाजीनं पाह्यलं त्याले. आपल्या पायावर उभा हाय. शनिवारी पाह्यलेला माणूस असा कसा मरन?" लोकायले वाटलं बुढीचं डोकं फिरलं. मलेही वाटलं.

दादा, सगळं गाव सुतकात अन ही एकटी कुंपणात वाकून तुकडे वेचत होती. काट्यानं दोन्ही हात फाटले. "भिवाजीचं पत्र हाय, त्यात काय हाय ते वाचल्याबिगर मी मानत नाही." पदरात भरून आणले, पाट्यावर मांडले, बाभळीचा डिंक लावून म्या एकेक जोडला. दोन दिवस लागले. शेळीनं काही खाल्ले असतील, काही वाऱ्यानं गेले. जेवढे भेटले त्यात इतकंच वाचता येते: "जहाज", मंग तुटेल, मंग "एडन", मंग यायचं नाव, मंग एक भोक, अन "नाही". शेवटी "आत्याले".

त्या भोकात काय होतं? नाव अन नाही, याच्यामधे तुनं काय लिहिलं होतं? आत्या म्हनते चांगलंच असन. मी ते पाहून पाहून वेडी झाले. विजयमालाबाई म्हनल्या मुंबईले तार कर. पण तार करायले अकोल्याले जावं लागते, अन मामाजीले असं सोडून मले निघता येत नाही. बांगड्या अजून हातात हायेत, अन त्या ठेवू का नको हे मले कळत नाही. तू लवकर सांग.

रुख्मिणी


मुंबई, २६ फेब्रुवारी १९७७

चि. रुख्मिणीस,

तुझं पत्र आज भेटलं. आताच तार करून आलो, ती हे पत्र पोचायच्या आधी पोचन. तरी पुन्हा लिहितो: जानराव जिवंत हाय. जानरावले काही झालं नाही. हेच लिहिलं होतं त्या भोकात. "जहाज सापडलं, ओढून एडनले आणलं, जानरावले काही झालं नाही, महिनाभरात घरी येते, आत्याले साखर वाटायले सांगजो."

कोपरा मी फाडला रुख्मिणी. मीच. त्या दिवशी हापिसात बातमी आली अन बाकावरचे सगळे एकमेकायच्या गळ्यात पडले. रत्नागिरीच्या म्हातारीचा पोरगा वाचला नाही, ती एकटीच बाकावर राह्यली. मी तिथंच पत्र लिहिलं, चिकटवलं. तेवढ्यात कारकून एडनच्या एजंटाचा फोन नंबर सांगायले लागला अन माह्याजवळ कागद नव्हता. पत्राचा कोपरा कोरा होता, तो फाडून त्यावर नंबर लिहिला, अन तसंच पत्र डब्यात टाकलं. आठ वर्षं मुंबईत राहून आपलं सगळं इसरलो मी. आधी तारच करणार होतो. मंग वाटलं, तारवाला दारात पाहून आत्याचा जीव जाईन, त्यापेक्षा पत्र बरं! पाह्य माही अक्कल.

मामाजीचे पाय धरायले येतो तवा येतो. तवर तू त्यायले सांगजो, चूक त्यायची नाही. अन आत्याच्या हाताले हळद लावजो.

भिवाजी


मेडशी, २४ मार्च १९७७

दादास जयभीम.

हे घरी आले, याले आज बारा दिवस झाले. अकोल्याच्या गाडीनं उतरले. तुही तार येऊनही स्टँडवरची पोरं आधी भूत समजून पळाली, कारण गावानं यायचं सुतक पाळलं होतं. आत्या मात्र सरळ गेली अन हाताले धरून घरी आणलं. बोलली एकच, "वाळला, भिवाजीनं लिहिलं तसाच." मामाजी दोन दिवस यायच्या समोरच आले नाहीत. आता बसतात जवळ, पण कोणतंही पत्र हातात घेत नाहीत, पोस्टमनले म्हनतात सुनेजवळ दे.

हे आले पण दादा, आल्यासारखे वाटत नव्हते. बोलणं नाही. जेवणाच्या ताटाले हात लावायच्या आधी तांब्यात पाणी किती हाय ते वाकून पाह्यतात. दौलतरावाच्या मळ्यात पाण्याचं इंजिन चालते, त्याच्या आवाजाजवळ जाऊन दिवसभर बसतात. आवाज बंद झाला की दचकतात. थोडं थोडं म्हून जे बोलले ते इतकंच, की इंजिनखोलीत आग लागली, बिनतारीचं यंत्रही जळलं, अन मंग जहाज नुसतं वाहात गेलं. पाणी वाटीनं. दोन माणसं गेली, त्यायले यायनंच कापडात शिवलं.

मागच्या रविवारी आत्या यायच्या पाठीवरून हात फिरवून म्हनली, "भीत कायले होता? भिवाजी तुले पाहून राह्यला होता ना." यायनं विचारलं, काय पाह्यलं? ती सांगत गेली. दाढी वाढेल, पायावर उभा, एकदा इकडं पाह्यलं. मी मधे बोलणार होते, तोच हे एकदम हमसून रडायले लागले, लहान लेकरावाणी. आल्यापासून पह्यल्यांदा. म्हने, "माय, आमाले तिकडं वाटे, आता आपण कोणाच्याच नजरेत नाही. असलो काय अन नसलो काय." आत्यानं यायचं डोकं मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून बोलतात, हसतात, काल मले म्हनले तुही भाजी खारट झाली. मले इतकं बरं वाटलं.

आता खरं दुखणं ऐक. कंपनीचा कागद आला. पंधरा एप्रिलले मुंबईत हजर व्हा, नवीन जहाज. हे जातो म्हनतात. जायची इच्छा नाही, मले दिसते. कागद आला तवापासून पुन्हा तांब्यात वाकून पाह्यतात. पण बाकीचे गेले अन मी भ्यालो असं लोकं म्हनतील, ही लाज. आईनं एकदा नको म्हतलं तं राह्यतील, तेवढ्याचीच वाट पाहून राह्यले. अन आत्या काय म्हनते? "जाय बापा, खुशाल जाय. भिवाजी पाह्यते."

दादा, मले नवरा पाह्यजे. टीव्हीत नाही, इथं. पण आत्याले खरं सांगितलं तं ते यायच्याही कानावर जाईन, अन जे कोणी पाह्यत होतं म्हून हे जित्ते झाले, ते कोणीच नव्हतं असं होईन. ते माह्यानं होत नाही. पेच तू घातला, तूच सोडव. लवकर सोडव.

रुख्मिणी


मुंबई, ३ एप्रिल १९७७

ती. आत्यास भिवाजीचा जयभीम. रुख्मिणी, जानराव घरी असन तवा हे मोठ्यानं वाचजो.

आत्या, तुले एक सांगायचं राह्यलं. शनिवारचा तो जहाजाचा खेळ संपला. शेवटच्या दिवशी मी पाह्यले गेलो होतो. कप्तानानं दार तोडलं, आतल्या पोराले हाताले धरून बाहेर काढलं, अन ते जुनं जहाज अंधारात एकटं निघून गेलं. पोरगा मागं वळूनही पाह्यत नव्हता. मंग पाटी आली, संपलं म्हून. मी मदनसिंगले विचारलं, मालकालेही विचारलं. परत लागणार नाही म्हनतात. शनिवारी आता गाण्याबजावण्याचं काहीतरी लागते.

तवा आत्या, जानराव आता जहाजावर गेला तं मले दिसणार नाही. मी कितीही काचेजवळ उभा राह्यलो तरी दिसणार नाही. हे मी तुले खरं सांगून राह्यलो. पुढं तू म्हनशीन तसं.

तुझा भिवाजी


मेडशी, १२ एप्रिल १९७७

दादास जयभीम.

तुझं पत्र आलं तवा यायची पेटी भरून दाराशी ठेवली होती, सकाळच्या गाडीनं निघणार होते. म्या वाचलं. वाचताना दोनदा पाणी प्यावं लागलं. आत्यानं पुन्हा एकदा वाचायले लावलं, "मले दिसणार नाही" तेवढंच. मंग विचारलं, "दुसऱ्या कोणत्या दुकानात दिसन?" म्या म्हतलं नाही आत्या, संपलंच ते.

ती उठली. पेटी उघडली, यायचे कपडे एकेक काढून खुंटीले लावले, निळा सदरा अंगात घाल म्हून यायच्या हातात देला. म्हनली, "पाह्यणारं कोणी नाही तं कायले जाते? घरी राह्य." यायनं सदरा अंगात घातला, गुंड्या लावल्या. मंग म्हनले, "बरं माय." दादा, ते दोन शब्द ऐकून मामाजी बाहेर निघून गेले, डोये पुसायले. मी तिथंच रडले. मले कोणाची लाज वाटली नाही.

दौलतरावाकडं पाण्याच्या इंजिनावर माणूस पाह्यजेच होता. उद्यापासून हे जातात. कंपनीले कागद विजयमालाबाईनं लिहून देला.

आत्या समोर बसली हाय, तुले चार शब्द लिहायचे म्हनते. ती बोलते तसंच लिहिते:

"भिवाजी, बापा, सुखी राह्य. लय दिस पाह्यलं तुनं माह्या लेकराले. आता तुह्या डोयाले आराम दे."

रुख्मिणी